उसाचा केवडा आणि बाळाचा केवडा



या पानावर आम्ही दर अंकात लागण, बेणे, खते आणि खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेला विषय वेगळा आहे. कारखान्याच्या अंकात बाळंतिणीच्या दुधाचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण ही गोष्ट आम्हाला उसाच्या नोंदी घेतानाच दिसली आणि उसाच्याच भाषेत ती लवकर समजते, म्हणून लिहीत आहोत.

देवगाव रंगारी गटात आडसालीच्या नोंदीसाठी फिरत असताना एका सभासदांच्या वस्तीवर चहाला थांबलो होतो. त्यांच्या खोडव्याला केवडा पडला होता. त्याची बोलणी चालली असता आतून आजीबाई नातवाला घेऊन बाहेर आल्या. बाळ नऊ महिन्यांचे. "साहेब, पोरगं अंगानं भरलेलं हाये, पण पहिल्यासारखं हसत नाही. पाचव्या महिन्यात मान धरली होती, आता परत सोडून दिली," असे त्या म्हणाल्या. बाळ खरोखरच गुटगुटीत होते. पण रंग फिका, केस भुरे आणि विरळ, बोटांच्या पेरांवर काळसर झाक. कोणाकडे बघत नव्हते, आणि हात बारीक थरथरत होते. झोपले की थरथर थांबते, असे बाळाच्या आईने दाराआडून सांगितले. दृष्ट काढून झाली होती, अंगारा लावून झाला होता, टॉनिकच्या दोन बाटल्या संपल्या होत्या.

आम्ही शेतकीची पदविका घेतलेला माणूस, डॉक्टर नव्हे. तरी बोलून गेलो की आईचे दूध पातळ असेल, अंगावरचे बंद करा आणि डब्याचे सुरू करा. हा सल्ला चुकीचा होता, हे येथेच कबूल करतो. सुदैवाने त्यांनी तो मानला नाही. बाळाला शहरात बालरोगतज्ज्ञांकडे नेले, रक्त तपासले, आणि निदान निघाले ते बी-१२ या जीवनसत्त्वाच्या उणिवेचे. बाळाच्या आईचेही रक्त तपासले. तिच्यातही ते फार कमी होते. तिला स्वतःला मात्र थोडा थकवा आणि पायाला मुंग्या येणे, याखेरीज काही जाणवत नव्हते.

पुढच्या भेटीत आजोबांनी आम्हाला विचारले, "आमच्याकडं तीन पिढ्यांची माळ आहे. दावणीला चार दुभती जनावरं आहेत. मग माझ्याच नातवाला दुधातलं जीवनसत्त्व कमी पडावं, हे कसं?" तेव्हा उत्तर देता आले नाही. नंतर डॉक्टर मंडळींना विचारून आणि वाचून जे समजले ते पुढे देत आहोत.

केवडा पडलेल्या उसाकडे नीट पाहा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह नसते असे नाही, पण ते पिकाला मिळत नाही. मग पिवळी कोणती पाने पडतात? वरची, कोवळी, नवी. खालची जुनी पाने हिरवीच राहतात. कारण लोह हे जुन्या पानातून नव्या पानात सरकत नाही. याउलट युरिया कमी पडला तर आधी खालची जुनी पाने पिवळी होतात. नत्र हलते. पीक जुन्या पानातले नत्र काढून नव्या पानाला देते आणि जुने पान वाळते.

आईच्या दुधाचेही असेच दोन प्रकार आहेत. काही द्रव्ये अशी की आईच्या खाण्यात ती कमी असली तरी दुधात फारशी कमी होत नाहीत. कॅल्शियम त्यातले. आईने खाल्ले नाही तर शरीर तिच्या हाडांतून काढून दुधात घालते. लोह व फॉलिक आम्ल यांचेही प्रमाण दुधात बऱ्यापैकी टिकून राहते. झीज आईची होते, खालचे पान वाळते. पण दुसऱ्या प्रकारची द्रव्ये, म्हणजे बी-१, बी-२, बी-६, बी-१२, अ जीवनसत्त्व आणि आयोडीन, आईच्या अंगात कमी असली की दुधातही कमी होतात. येथे आई वरवर हिरवीगार दिसते आणि कोवळे पान पिवळे पडते. बी-१२ ची उणीव म्हणजे बाळाचा केवडा, असे आम्ही समजतो.

आता टिपरीचे पाहू. लावलेल्या टिपरीचा डोळा फुटला की पहिले काही आठवडे कोंब टिपरीतल्या अन्नावरच वाढतो. स्वतःच्या मुळ्या सुटेपर्यंत त्याला दुसरा आधार नसतो. म्हणून तर बेणेमळा वेगळा राखा, त्याला खत-पाणी जास्त द्या, खोडव्याचे बेणे वापरू नका, असे आम्ही कंठशोष करून सांगतो. बाळ जन्मते तेव्हा आईकडून काही बी-१२ यकृतात साठवून आणते. आई सशक्त असेल तर हा साठा आणि दूध मिळून काही महिने सहज निघतात. आईजवळच नसेल तर साठा कमी आणि रोजचे दूधही रोडके. चार-सहा महिने बाळ बरे दिसते आणि मग हळूहळू मान सोडते, हसणे सोडते, रांगायचे थांबते. वजन मात्र घटतेच असे नाही. त्यामुळे घरच्यांना संशय येत नाही, आणि तिथेच वेळ जातो.

हा आजार आपल्या देशाला नवा नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. जाधव, वेब, वैष्णव आणि बेकर यांनी 1962 साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात अशाच अंगावर पिणाऱ्या बाळांची हकीकत छापली होती. त्या बाळांच्या आयांमध्ये बी-१२ कमी होते. फिके अंग, पेरांवर काळेपणा, सुस्ती, शिकलेल्या हालचाली विसरणे आणि काहींना थरथर, अशीच लक्षणे होती. डॉक्टर मंडळी या थरथरीच्या आजाराला 'इन्फन्टाइल ट्रेमर सिंड्रोम' म्हणतात. सहा महिने ते दीड-दोन वर्षे या वयात तो दिसतो, आणि बहुतेक वेळा बाळ निव्वळ अंगावरच्या दुधावर असते, वरचे खाणे सुरू झालेले नसते.

आपल्या महाराष्ट्रात याचा पाठपुरावा पुण्याच्या केईएम रुग्णालयाने केला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील शेतकरी कुटुंबांतल्या बायकांची पाहणी सुरू केली. गर्भारपणात त्या काय खातात, काय कष्ट करतात, बाळ केवढे जन्मते, पुढे त्याचे काय होते, हे सारे टिपले. गर्भवतींपैकी 100 मध्ये 60 हून अधिक जणींचे बी-१२ कमी निघाले. फॉलिक आम्ल मात्र जवळजवळ कोणाचेच कमी नव्हते, कारण भाजीपाला आणि डाळी खाण्यात होत्या. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांपैकी काही नेमाने खात होत्या त्यांची बाळे जन्मताना थोडी मोठी होती, हेही 2001 साली प्रसिद्ध झाले. हे केवळ बायकांचे दुखणे आहे असे मात्र कोणी समजू नये. पुणे परिसरातल्याच पुरुषांच्या एका पाहणीत, जी 2006 साली छापली गेली, 67 टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळले, आणि शहरातल्या मध्यमवर्गात तर ते प्रमाण खेड्यापेक्षा जास्त होते.

बी-१२ येते कोठून? इथे शेतीचा संबंध थेट आहे. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. ज्वारी, बाजरी, तूर, मेथी, शेपू, फळे, यांपैकी कशातही ते नाही. ते फक्त सूक्ष्म जिवाणू तयार करतात. त्याच्या कणाच्या मध्यभागी कोबाल्ट हा धातू असतो. जमिनीतला कोबाल्ट चाऱ्यात जातो, गायी-म्हशीच्या पोटातले जिवाणू त्यापासून बी-१२ बनवतात, आणि ते दुधात, मांसात उतरते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये काही कुरणांवर गवत मुबलक असूनही मेंढ्या खंगून मरत. 1935 च्या सुमारास उलगडा झाला की तिथल्या जमिनीत कोबाल्टच नव्हता. बी-१२ हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात वेगळे काढता आले ते त्यानंतर, 1948 साली.

माणसाच्या आतड्यातही असे जिवाणू आहेत, मग आपल्याला बाहेरून कशाला लागावे, असा प्रश्न एका हुशार सभासदाने केला. आपल्या पोटातले जिवाणू मोठ्या आतड्यात असतात, आणि बी-१२ शोषले जाते ते त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. म्हणजे मुळांच्या कक्षेखाली वाहून गेलेल्या खतासारखे ते आहे. शेतात आहे, पण पिकाला नाही.

गरज तशी थोडी आहे. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, अंगावर पाजणाऱ्या आईला त्याहून काहीसे अधिक. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. यकृत हा साठा धरून ठेवते आणि तो काही वर्षे पुरतो. त्यामुळे या उणिवेचा हिशेब उशिरा लागतो. माहेरी अंडी-मटण खाणारी मुलगी माळकरी घरात सून म्हणून आली, तर पहिले बाळंतपण माहेरच्या साठ्यावर निभावून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या बाळाच्या वेळी साठा आटलेला असतो. "पहिल्याला काही झालं नाही, मग यालाच कसं?" या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

माळ आणि शाकाहार यांवर आम्हाला बोट ठेवायचे नाही. आमच्या घरीही माळ आहे. शाकाहारात बी-१२ चा भरवशाचा घरगुती मार्ग एकच, तो म्हणजे दूध आणि दुधाचे पदार्थ. 100 मिलिलिटर दुधात ते साधारण अर्धा मायक्रोग्रॅम असते, आणि फार वेळ उकळत ठेवले की त्यातलेही काही जाते. म्हणजे अर्धा लिटर दूध-दही दिवसाला पोटात गेले तर कोठे गरजेच्या आसपास पोचता येते. अंडे खाणाऱ्यांना एका अंड्यातून अर्धा मायक्रोग्रॅमभर मिळते. चहातल्या दोन चमचे दुधाने काही होत नाही.

आणि येथे आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. चार जनावरांचे दूध सकाळ-संध्याकाळ कॅनमध्ये भरून डेअरीला जाते. मागे राहते ते चहापुरते, त्यातले आधी पुरुषांना, मग पोरांना. सून सर्वांच्या शेवटी जेवते आणि तिच्या वाटणीला ताकाचा तळ येतो. गाभण म्हशीला आपण सरकी देतो, पेंड देतो, व्यायल्यावर गूळ-बाजरी शिजवून घालतो. दूध आटू नये म्हणून तिचा खुराक कोणी तोडत नाही. घरातल्या ओल्या बाळंतिणीचा खुराक कोण मोजतो?

बाळंतिणीला आपण काहीच देत नाही असे नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे, मेथी, शेपू, बाजरीची भाकरी आणि तूप, हा आपल्या आज्यांचा खुराक उत्तम आहे. त्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, ताकद आहे. तो चालूच ठेवावा. फक्त त्यात बी-१२ नाही, एवढे ध्यानात ठेवावे. अळिवाची खीर पाण्यात करण्याऐवजी दुधात केली आणि जेवणात दही ठेवले तर बरीच भर पडेल. तूप मात्र दुधाचा पर्याय धरू नये, बी-१२ च्या बाबतीत ते रिकामे आहे. मोड आलेली मटकी, सोयाबीन, आंबवलेले पीठ यांत ते असते असे काही जण छातीठोकपणे सांगतात. त्यावर विसंबू नये.

जी आई दूध-अंडे काहीच घेत नाही, किंवा जिच्या अंगात आधीच उणीव आहे, तिला केवळ आहाराने पुरणार नाही. तिला गोळी किंवा इंजेक्शन लागते, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने. हे महागडे औषध नव्हे. बंगळूरमध्ये गर्भवतींना रोज 50 मायक्रोग्रॅम बी-१२ ची गोळी गरोदरपणापासून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत देऊन पाहिली. तेव्हा आईचे रक्त, आईचे दूध आणि बाळाचे रक्त, तिन्हींत बी-१२ वाढले. हे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे टिपरीला खत दिले की कोंबाला पोचते. आशाताई ज्या लोहाच्या गोळ्या देतात त्या जरूर घ्याव्यात. पण त्या लोह व फॉलिक आम्लाच्या आहेत, बी-१२ च्या नव्हेत. उलट ज्याला बी-१२ कमी आहे त्याला नुसते फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांचे दुखणे आत वाढत राहते. म्हणून आपल्या मनाने टॉनिक पाजत बसू नये. आधी रक्त तपासावे.

उपचार सुरू झाला की बाळ आठवड्याच्या आत माणसांकडे पाहू लागते, हसू लागते, असे डॉक्टर सांगतात. हिराकस फवारल्यावर नवे पान हिरवे निघते, तसेच. काही बाळांची थरथर सुरुवातीला थोडी वाढते, तेव्हा घाबरून उपचार सोडू नयेत. केस आणि रंग सुधारायला महिने लागतात. मेंदूच्या वाढीचे मात्र तसे नाही. उशीर फार झाला तर बुद्धीवर आणि बोलण्यावर कायमची खोट राहू शकते. केवड्यात गेलेला महिना ऊस पुढे भरून काढतो की नाही, हे आपण जाणतोच.

अंगावरचे दूध बंद करण्याचा आमचा सल्ला का चुकीचा होता, तेही सांगितले पाहिजे. डब्याच्या पावडरीत बी-१२ घातलेले असते, हे खरे. पण बाळाला जुलाब-खोकल्यापासून वाचवणारी शक्ती आईच्या दुधात आहे, ती डब्यात नाही. त्यातून विहिरीचे पाणी आणि नीट न उकळलेली बाटली, म्हणजे रोगाला आमंत्रण. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध, पाणीसुद्धा नको. मात्र आईला खुराक आणि लागेल ते औषध. सहा महिने झाले की उष्टावण नुसते नावाला नको. मामाने चांदीच्या वाटीतून खिरीचे बोट चाटवले आणि पुढे तीन महिने काही दिले नाही, असे पुष्कळ घरांत होते. त्या वस्तीवरही तसेच झाले होते. मऊ खिचडी, वरण-भात, कुस्करलेले केळे, त्यात दही, चालत असेल तर अंड्याचा बलक, हे रोज थोडे थोडे वाढवत न्यावे आणि अंगावरचे दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

चिकाविषयी दोन शब्द. म्हैस व्यायली की चीक आपण रेडकाला पाजतो, उरल्याचा खरवस शेजारीपाजारी वाटतो. आणि बाईचे पहिले घट्ट पिवळे दूध 'जड असते' म्हणून पिळून टाकणारी घरे अजून आहेत. त्या पिवळेपणात अ जीवनसत्त्व भरपूर असते. ते जन्मल्यापासून तासाभरात बाळाच्या पोटात गेले पाहिजे.

ड आणि के या दोन जीवनसत्त्वांची गोष्ट वेगळी आहे. आई कितीही चांगले खात असली तरी ही दोन्ही तिच्या दुधात फार थोडी उतरतात. ड जीवनसत्त्व उन्हाने कातडीत तयार होते. पण आपली बाळंतीण अंधाऱ्या खोलीत शेगडीपाशी सव्वा महिना, आणि बाळ गुंडाळलेले. अशा बाळाला पुढे मुडदूस होऊ शकतो. हाडे मऊ पडतात, पाय वाकतात. म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात रोज 400 युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगतात. थेंब किती, हे बाटलीवरच्या प्रमाणानुसार विचारून घ्यावे, कारण प्रत्येक बाटलीचे प्रमाण सारखे नसते. के जीवनसत्त्वामुळे रक्त गोठते. ते कमी असलेल्या नवजात बाळाला अचानक, कधी मेंदूतही, रक्तस्राव होतो. त्यासाठी जन्मतःच मांडीत एक इंजेक्शन देतात, आणि 2014 पासून सरकारी दवाखान्यांतही ते सर्व नवजात बाळांना देण्याच्या सूचना आहेत.

घरी किंवा फडावर जन्मलेल्या बाळाला हे इंजेक्शन राहून जाते. आपल्या उसाच्या तोडीवर येणाऱ्या टोळ्यांतल्या बायका पहाटे चारला फडात जातात, बाळ पाचटाच्या सावलीत झोळीत ठेवतात, आणि दिवसभर चहा-भाकरीवर काढतात. त्यांच्या कोपीवर दावणीची म्हैस नाही, डेअरीचा कॅनही नाही. फडाच्या मालकाने तोड चालू असेपर्यंत ओल्या बाळंतिणीला रोज तांब्याभर दूध दिले, तर त्याच्या उसाचे वजन घटणार नाही. आमच्या चिटबॉयना आम्ही सांगितले आहे की टोळीची नोंद घेताना वर्षाच्या आतली बाळे किती आणि गरोदर बाया किती, हेही वहीत लिहावे आणि ती यादी आशाताईंकडे पोचवावी.

त्या वस्तीवर आम्ही दिवाळीनंतर पुन्हा गेलो होतो. बाळ भिंतीला धरून उभे राहत होते आणि आमच्या मोजणीच्या टेपची कडी तोंडात घालायला बघत होते. बोलायला थोडा उशीर लागेल, असे डॉक्टर म्हणाले आहेत. ओट्यावर कॅनच्या शेजारी एक पितळी तांब्या झाकून ठेवलेला होता. धार काढली की आधी तो भरतो, मग कॅन भरतो, असे आजीबाईंनी सांगितले. खोडव्याला हिराकसाच्या दोन फवारण्या झाल्या होत्या, तिसरीची गरज नाही, असे आम्ही सांगून निघालो.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते